आमच्या जि.प. शाळेचा तपासणी अहवाल वाईट आलाय, समितीने आता करायचं काय?

बाभूळबन (धागाकर्ता)

राम राम मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र, पण आता अडलंय म्हणून लिहितोय, मोबाईलवरून टायपतोय तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

आमचं गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू, दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट ४७. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. निवड कशी झाली ते विचारू नका, मीटिंगला जेवढे हजर होते त्यात माझाच आवाज मोठा होता एवढंच. तर डिसेंबरात वार्षिक तपासणी झाली, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि एक साधनव्यक्ती असे तिघं आले, दुपारच्या खिचडीपर्यंत थांबले, आणि मागच्या आठवड्यात अहवाल हातात पडला. शेरा असमाधानकारक. सरांना सात दिवसांत लेखी खुलासा मागितलाय.

अहवालात काय काय आहे बघा. अभिलेखे अद्ययावत नाहीत, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी साचेबद्ध, टाचण (पाठाची पूर्वतयारी) अपूर्ण, पोषण आहाराच्या चव रजिस्टरवर सह्या नाहीत, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, परसबाग नाही, कॅशबुक दोन महिने मागे, पटाच्या मानाने उपस्थिती फारच कमी. असं पानामागून पान. आणि मग शेवटी शेवटी दोन ओळी, की तिसरी-चौथीच्या हजर विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही आणि हातच्याची वजाबाकी येत नाही.

गावात आता दोन पार्ट्या पडल्यात. तरुण मंडळाच्या ग्रुपवर चाललंय की सर बदला नाहीतर शाळेला कुलूप ठोकू. दुसरी पार्टी म्हणते भांडत कशाला बसता, दाखले काढा, तालुक्याच्या इंग्लिश मिडियमची पिवळी गाडी आता फाट्यापर्यंत येते. सर दोन दिवस कोणाशी बोलत नाहीयेत, मॅडम नवीन आहेत त्या तर घाबरूनच गेल्यात. माझी पोरगी तिसरीत आहे, ती वाचते बऱ्यापैकी, पण म्हणून गप्प बसावं असं नाही ना. समितीच्या हातात नेमकं काय असतं? जाणकारांनी सांगा.

खडूची_धूळ

दादा, मी पण जि.प. शिक्षक, जिल्हा वेगळा. तुमचा अहवाल न बघता सांगतो यातल्या दहापैकी आठ गोष्टी दप्तराच्या असणार, कारण तपासणीला आलेल्या माणसाला तीन तासात दप्तर तपासता येतं, पोरं तपासायला वेळ लागतो. दोनशिक्षकी शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक नसतोच, दीडशेच्या वर पट असेल तर ते पद, म्हणजे तुमचे सर दोन वर्ग शिकवून वर चार्ज सांभाळणार, त्यात ऑनलाईन माहिती, यू-डायस, सरल ही पोर्टलं, आहाराची रोजची नोंद, आणि ग्रुपवर सकाळी अकराला मेसेज की दुपारी दोनपर्यंत लिंक भरा अन्यथा कारवाई. त्यातून बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम गळ्यात असेल तर संपलंच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये, पण निवडणूक या एका शब्दात वर्षाचे किती महिने मावतात ते आम्हाला विचारा.

हे सगळं खरं असलं तरी चौथीतलं पोर उतारा वाचत नसेल तर ही कारणं त्या पोराच्या काय कामाची, ती दोन ओळींची तक्रार खोटी ठरत नाही. तेव्हा कडी-कोयंडा एका दिवसात उरकून टाका आणि सगळा जोर त्या दोन ओळींवर लावा.

फटकळ

सत्तर-ऐंशी हजार पगार घ्यायचा आणि रडगाणं गायचं. आमच्या गल्लीतला ट्यूशनवाला पाच हजारात वाचायला शिकवतो. बदली करा, दुसरा येईल.

खडूची_धूळ

@फटकळ, दुसरा येईल हे कोणी सांगितलं तुम्हाला? जागा रिकामी राहते, शेजारच्या शाळेतला एक जण आठवड्यातून तीन दिवस येतो आणि बाकीचे दिवस मॅडम एकट्या चार वर्ग धरून बसतात. हे मी कल्पनेने नाही लिहीत. शाळेला कुलूप लावलेल्या गावांत काय झालं ते बघून या आधी.

निवृत्त_बीट

मी विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तपासणीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बाभूळबन, पहिलं काम, त्या दोन ओळींच्या मागे एक तक्ता असणार तो मागून घ्या. निम्म्याहून जास्त म्हणजे कोण? नावं पाहिजेत. वाचता येत नाही या एका शेऱ्यात चार वेगवेगळी मुलं असतात. एकाला अक्षरंच ओळखता येत नाहीत. दुसऱ्याला अक्षरं येतात पण काना-मात्रा-वेलांटी लागली की अडखळतो. तिसरा सुटे शब्द वाचतो, वाक्य आलं की धागा तुटतो. चौथा उतारा वाचतो पण इतका हळू की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. प्रथम संस्थेच्या असर पाहणीत हीच पायरी वापरतात, अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. तक्ता नसेल तर सर-मॅडम एका दिवसात सगळ्या शाळेचा करू शकतात, तुम्ही समितीतले दोन पालक बरोबर बसा.

दुसरं, तुमची शाळा जगावेगळी नाही. देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं असरला २०२२ मध्ये १६.३ टक्के मिळाली होती, २०२४ मध्ये २३.४. कोविडनंतरची ही सुधारणा आहे आणि सुधारणा होऊनही आकडा हा आहे. हे मी सरांना वाचवायला सांगत नाही. शाळेला कुलूप लावायला निघालेल्यांना एवढं कळलं पाहिजे की पलीकडच्या गावात गेलात तरी हेच मिळेल.

तिसरं, अधिकार. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा ही समितीच करते. आता हा आराखडा बहुतेक ठिकाणी जुन्या फाईलवरून उतरवलेला असतो आणि अध्यक्ष सही करतो. तुम्ही पण केली असेल. यंदा तो खरंच बनवा. शाळा अनुदानसुद्धा समितीच्या ठरावानेच खर्च होतं, ३१ ते १०० पट असेल तर समग्र शिक्षाचे वर्षाला २५ हजार बसतात, आलेत का, किती उरलेत ते विचारा.

चौथं, रंगकाम करू नका. हे मुद्दाम सांगतोय. अहवाल वाईट आला की गाव वर्गणी काढतं, भिंतीवर सुविचार येतात, गेटला कमान होते, आणि पुढच्या भेटीत साहेब खूष. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) प्रतिभा भराडे मॅडमनी शिक्षकांना घेऊन फार सुंदर काम उभं केलं होतं, राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून बघायला जात. तिथं फरशीवर आखणी होती, मुलांच्या उंचीला फळे होते, कारण मुलं खाली बसून एकमेकांबरोबर शिकत होती. बघून आलेल्या कितीतरी शाळांनी फरशी रंगवली आणि शिकवणं जसंच्या तसं ठेवलं. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमानंतर तर रंगाच्या दुकानदारांची चांदी झाली.

रानजाई

निवृत्त_बीट काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवून ठेवला.

मी ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबरोबर काही वर्षं काम केलंय म्हणून एक विचारते, तपासणी डिसेंबरात झाली म्हणजे ४७ पैकी हजर किती होते? कारण बीड, जालना, परभणीकडे डिसेंबरात शाळा तपासायची आणि उपस्थिती कमी म्हणून शेरा मारायचा हे म्हणजे पंढरपूरची वारी निघाल्यावर घरात माणसं का नाहीत म्हणून विचारण्यासारखं आहे. कोयता निघाला की कोयत्याबरोबर पोरं जातात, मोठी पोरगी लहान्याला सांभाळायला म्हणून जाते, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येते आणि तेव्हा वर्गाचं पुस्तक संपत आलेलं असतं. सलग दोन-तीन वर्षं असं झालं की ती चौथीत असते आणि वाचनात पहिलीत. तुमच्या न वाचणाऱ्यांच्या यादीत अशी किती निघतात ते बघा.

हंगामी वसतिगृहाची सोय आहे ना, पोरं गावातच आजी-आजोबांकडे थांबतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शासनाकडून. पण त्याचा प्रस्ताव समितीने वेळेत द्यावा लागतो, म्हणजे दसऱ्याच्या आधीच, टोळ्या उचल घेऊन बसल्यावर नाही. यंदाचं गेलं. जी गेलीत त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलंय का? ते असेल तर कारखान्याजवळच्या शाळेला बसवून घ्यावंच लागतं. अर्थात ऊसतोडीचा फड आज इथं उद्या तिथं, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

आणि तांडा आहे का तुमच्याकडे?

बाभूळबन

@रानजाई ताई, हजर २९ होते त्या दिवशी. तांडा आहे, शाळेपासून दीड किलोमीटर, पहिली-दुसरीत निम्मी पोरं तांड्यावरचीच. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. मॅडम सांगलीच्या, त्यांना ते कळत नाही, पोरांना मॅडमचं कळत नाही.

हमी कार्डाचं सरांना विचारलं, त्यांनी दिलेत म्हणे. वसतिगृहाचा प्रस्ताव मागच्या वर्षी गेला होता, पैसे इतक्या उशिरा आले की किराणावाल्याची उधारी अजून निघते, म्हणून यंदा कोणीच पुढं झालं नाही.

पारावरचा

शाळा तपासणी म्हटलं की मला आमच्या लहानपणचे दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर आठवतात. दिपोटी येणार कळलं की शाळा सारवून घ्यायची, हुशार चार पोरं पहिल्या रांगेत, आणि जी कच्ची त्यांना त्या दिवशी गुरं राखायला पाठवायचं. दिपोटींनी 'ढ' मुलाला उठवू नये म्हणून मास्तर नुसते डोळ्यांनी खुणावत असत. कोंबडं कोणाच्या घरचं कापायचं ते आधीच ठरलेलं.

अवांतर आहे पण सांगतोच, १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात याच्यावर लिहिलंय. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि कधीकधी न कळवता अचानक जावं असं त्यांचं म्हणणं होतं. आता १४० वर्षं होऊन गेली. वर्षातून एकदा आणि तेही आधी निरोप देऊन, हे तसंच आहे.

फटकळ

म्हणजे महात्मा फुले पण म्हणत होते अचानक जा म्हणून. तेच तर मी म्हणतोय, धाक पाहिजे.

निवृत्त_बीट

@फटकळ, वर्षातून चार वेळा जा असंही ते म्हणत होते, ते सोडून दिलंत. एका केंद्रात शाळा पुष्कळ, केंद्रप्रमुखांची पदं रिकामी, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार, त्यात बैठका. चार वेळा गेलेला माणूस तिसऱ्या भेटीत पोरांना नावाने ओळखतो आणि मग त्याला रजिस्टर मागायची लाज वाटते. एकदाच गेलेला माणूस रजिस्टरच मागणार.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितेय. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी प्रायमरीत शिकली. इथं ऑफस्टेड नावाची तपासणी यंत्रणा आहे, १९९२ पासून. आदल्या दिवशी फोन येतो, दुसऱ्या दिवशी माणसं दारात. रिपोर्ट वेबसाईटवर टाकतात आणि शाळेला तो प्रत्येक पालकाकडे पोचवावा लागतो, त्यावर घरांच्या किमतीसुद्धा हलतात. कितीतरी वर्षं अख्ख्या शाळेला एका शब्दात दर्जा मिळायचा, आउटस्टँडिंग, गुड, मग सुधारणा हवी, मग इनअॅडिक्वेट. रीडिंग शहरातल्या कॅव्हर्शॅम प्रायमरीला नोव्हेंबर २०२२ च्या तपासणीत एकदम वरच्या दर्जावरून सगळ्यात खालच्यावर टाकलं, रिपोर्ट जाहीर व्हायच्या आधी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आत्महत्या केली. कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) त्या वर्षअखेरीस निकाल दिला की तपासणीचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला. देशभर गदारोळ झाला, सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना तो एका शब्दातला शेरा बंद केला आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींना वेगवेगळा दर्जा देणारं रिपोर्ट कार्ड आलंय. तेही फार कोणाला आवडलेलं नाही हा भाग वेगळा.

सांगायचं कारण, तुमचे सर दोन दिवस बोलत नाहीयेत असं लिहिलंय तुम्ही. त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन या. आधी ते, मग तक्ता.

आणि एक प्रश्न, हा अहवाल तुमच्या गावातल्या बाकी पालकांनी वाचलाय का? की तुमच्याकडेच आहे?

बाभूळबन

@थेम्सकाठी ताई, नाही वाचला कोणी. मला पण सरांनी दाखवला म्हणून दिसला. ग्रुपवर फक्त 'असमाधानकारक' हा शब्द फिरतोय, तो केंद्रातून कोणीतरी फोडला. काल संध्याकाळी सरांकडे जाऊन आलो. बोलले बरंच. ते इथं लिहीत नाही.

अंजिरी

माझा अनुभव दाखलेवाल्यांसाठी. आम्ही मुलाला बालवाडीपासून इंग्लिश मिडियमला घातलं, तालुक्याला, वर्षाची फी अधिक गाडी म्हणजे एका एकराचं सोयाबीन जातं. आता दुसरीत आहे. इंग्रजी कविता धडाधड म्हणतो, पाहुणे आले की आम्ही म्हणायला लावतो. परवा त्याच्या पुस्तकातलं पान मधूनच उघडून दिलं तर एक ओळ वाचता येईना, पाठ होतं सगळं. मराठी तर विषयच नाही धड, त्यामुळे आजीने आणलेलं गोष्टीचं पुस्तक पण वाचत नाही. आणि त्या शाळेत तपासणी कधी झाली, काय शेरा आला, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं पण नाही. तुमच्या शाळेचं निदान कळलं तरी.

मी पुन्हा जि.प.ला आणायचा विचार करतेय, पण नवरा म्हणतो लोक हसतील.

खडूची_धूळ

@अंजिरी ताई, आणा. हसणारे फी भरायला येत नाहीत.

बाभूळबन

मंडळी, अपडेट. समितीची मीटिंग झाली. दर महिन्याला होते तशी कागदावर नाही, खरी. बायका पहिल्यांदा जास्त आल्या कारण आम्ही संध्याकाळी सातला ठेवली, दुपारी तीनला रोजंदारी बुडवून कोण येणार होतं. अहवाल मी पूर्ण वाचून दाखवला. रजिस्टरांचा भाग चालू होता तोवर लोक तंबाखू मळत होते, त्या दोन ओळी आल्या तशी शांतता.

तक्ता अहवालाला जोडलेला नव्हताच, म्हणून निवृत्त_बीट काकांनी सांगितल्यासारखं सर, मॅडम आणि आम्ही दोघं पालक बसून तपासलं. तिसरी-चौथीची जी हजर पोरं वाचत नव्हती ती सगळी एकाच जागी अडकलेली नाहीत. अक्षरातच अडलेली तिघंच. बहुतेक शब्द वाचतात आणि जोडाक्षर आलं की थांबतात. दोन पोरं अशी निघाली की ती वाचतात चांगली, साहेबांसमोर बोबडी वळली होती. आणि ताई, तुमचं खरं, अक्षरात अडलेल्या तिघांपैकी दोन गेल्या वर्षी फडावर होती.

आणखी एक सापडलं. ऑफिसात लोखंडी कपाट आहे, त्यात गोष्टीची पुस्तकं गच्च भरलेली, काही तर प्लॅस्टिकमधून काढलेली नाहीत. का, तर पुस्तक फाटलं किंवा हरवलं की साठा नोंदवहीत कमी दिसतं आणि चार्ज देताना वसुली सरांच्या पगारातून. म्हणून कुलूप. आम्ही तिथंच ठराव घेतला की वाचायला दिलेली पुस्तकं फाटली हरवली तर समिती जबाबदार, दरवर्षी निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करायची. कपाट उघडलं.

ठरलं ते असं, परिपाठ झाला की रोज पहिला एक तास इयत्ता मोडायच्या आणि पातळीप्रमाणे गट करायचे. अक्षरवाले मॅडमकडे, शब्दवाले सरांकडे, आणि जी वाचतात ती व्हरांड्यात त्या कपाटातली पुस्तकं घेऊन. तांड्यावरची एक बारावी झालेली पोरगी आहे, ती पहिलीच्या पोरांत बसायला तयार झालीय, गोरमाटीतून समजावून मग मराठी. तिला मानधन म्हणून लोकवर्गणीतून काहीतरी देऊ, अनुदानातून देता येत नाही असं सर म्हणाले. चव रजिस्टरला रोज एक आई, पाळीने. कडी बसवली.

निवृत्त_बीट

उत्तम. खुलासा मात्र आखूड लिहा. एक पान, त्यात तो तक्ता आणि समितीचा ठराव जोडा. शासनाने अमुक दिलं नाही म्हणून असं झालं हे लिहिलंत तर वाचणारा तिथंच थांबतो. उपस्थितीच्या शेऱ्याला उत्तर म्हणून स्थलांतरित मुलांची यादी तारखांसकट जोडा, तो शेरा आपोआप गळतो.

सावकाश

थोडा विरोधी सूर लावतो. मीही शिक्षक. रोज एक तास गटांना गेला तर पाठ्यपुस्तक कधी पूर्ण करायचं? संकलित चाचणीचे पेपर राज्यस्तरावरून येतात, त्यात तिसरीच्या पोराला तिसरीचंच विचारणार. त्याचे गुण पोर्टलवर जातात. उद्या ते कमी आले की पुन्हा हाच अहवाल. शिवाय केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला ६० शब्द वाचले पाहिजेत असं ध्येय आहे, २०२६-२७ पर्यंत, आणि हे घड्याळ लावून मोजलं की पोरं अर्थ सोडून पळायला लागतात. मी बघितलंय, एक मुलगी पूर्णविरामाला श्वास पण घेत नव्हती.

खडूची_धूळ

@सावकाश सर, घड्याळाचं शंभर टक्के पटलं. पुस्तक पूर्ण करण्याचं नाही पटलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढं पुस्तक पूर्ण झालं काय आणि राहिलं काय. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास आहेत, म्हणजे दिवसाला चार तास धरा, त्यातला एक वाचनाला गेला. गणिताचं शाब्दिक उदाहरण तरी न वाचता कसं सोडवणार? आमच्याकडे हेच केलं तेव्हा पहिल्या चाचणीत गुण खाली आले होते हे खरं आहे, दुसरीत वर गेले. तेवढी कळ सोसायला वरचे तयार हवेत, तिथं समितीचा ठराव उपयोगी पडतो.

सावकाश

समिती पाठीशी असेल तर ठीक. आमच्या समितीचे अध्यक्ष फक्त पंधरा ऑगस्टला दिसतात.

फटकळ

बघू. सगळं कागदावर छान दिसतं. एप्रिलमध्ये पुन्हा तक्ता टाका इथं, मग बोलू.

बाभूळबन

@फटकळ, टाकतो की. नावं काढून टाकतो. आमचं ठरलंय की एक मेला झेंडावंदन, निकाल आणि ग्रामसभा एकाच दिवशी असते, तोवर टोळ्या पण परत आलेल्या असतात, तेव्हा चावडी वाचन ठेवायचं. सगळ्या गावासमोर पोरं वाचून दाखवतील.

रानजाई

नको हो, सगळ्यांसमोर नको. जे पोर मार्चच्या शेवटी फडावरून आलंय त्याला मेच्या पहिल्या तारखेला गावापुढं उभं करणार? त्याचा बाप कोपऱ्यात उभा असणार. आधीच त्या पोरांना गावात 'कोयत्याची' म्हणतात.

खडूची_धूळ

+१. चावडी वाचन करायचं तर पोराने स्वतः पुस्तक निवडायचं आणि स्वतःच्या आईबापाला वाचून दाखवायचं, ओट्यावर, झाडाखाली, जिथं बसतील तिथं. माईक नको. ज्या आयांना वाचता येत नाही त्यांच्या मांडीवर बसून पोर वाचतं तेव्हा ती आई पुढच्या वर्षी त्याला फडावर न्यायच्या आधी दहादा विचार करते, हे आमच्याकडे झालंय.

बाभूळबन

बरं. माईक रद्द. सरपंचांना वाईट वाटेल, त्यांनी स्पीकर सांगून ठेवलाय, बघतो समजावून.

पुढच्या हंगामाच्या वसतिगृहाचा प्रस्ताव पोळ्याच्या आधीच द्यायचा ठरवलंय, पण किराणाची उधारी आधी मिटल्याशिवाय दुकानदार उभा करणार नाही. कोणाकडे मागचे थकलेले पैसे मागायच्या अर्जाचा नमुना आहे का? आणि गोरमाटी-मराठी चित्रांची छोटी पुस्तकं कुठं मिळतात ते माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ती पोरगी रोज विचारतेय.

निवृत्त_बीट

अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, उद्या स्कॅन करून पाठवतो. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना, पोच घ्यायला विसरू नका. पुस्तकं बाजारात शोधत बसू नका, डायटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) विचारा, बोलीभाषांवर काम झालेलं आहे. आणि तोवर त्या मुलीला सांगा, तांड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी पोरांकडून ऐकून वहीत मोठ्या अक्षरात लिहून घे, पोरं चित्रं काढतील.